आमच्या बांधावरचं सुरू

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन मी पूजेला बसतो, तिथेही हा विषय मी सात वर्षांत काढलेला नाही. देवाला ठाऊकच असेल, आपण कशाला उकरून काढा, असं म्हणून बेलाचं पान वाहतो आणि उठतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या शाळेतले नाही, परळीतले नसाल, उद्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून डबा खाणार नाही. एवढंच कारण असेल. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

विषय तसा हसण्यासारखा आहे. नाताळचं झाड.

मी चित्रकलेचा शिक्षक. परळीतल्या एका इंग्रजी शाळेत सव्वीस वर्षं झाली, येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत चित्रं सोडून सगळं करावं लागतं — गणपतीचं मखर, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा, आणि डिसेंबरात नाताळचं झाड. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्याइतकी. पण इंग्रजी शाळा म्हटली की नाताळ हवाच, पालकांनाही हवा असतो; लाल टोपी घातलेल्या पोराचा फोटो काढायचा असतो. या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच चर्चा सुरू झाली. झाड प्लास्टिकचं की खरं? नवीन आलेल्या सायन्सच्या मॅडमचं म्हणणं, प्लास्टिक पर्यावरणाला वाईट, कुंडीतलं जिवंत झाड आणू. कुणी लिहिलं, परळीच्या राखेत ते टिकणार का. प्रिन्सिपल मॅडमनी लिहिलं, मन्मथ सर म्हणतील ते फायनल. मन्मथ सर म्हणजे मी. आणि त्याखाली रूथ मॅडमनी — त्या नर्सरीच्या वर्गाला शिकवतात — लिहिलं, ‘सर खऱ्या झाडाला हात लावू देणार नाहीत, माझी खात्री आहे.’ पुढे हसरा चेहरा.

मी ते वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. काही वाटलं नाही. खरं सांगतो, काहीच नाही. आता नक्की कबूल काय करायचं आहे — जे केलं ते, की त्याचं काही वाटत नाही ते? दोन्ही करावं लागेल, असं दिसतं.

सात वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे एक जुनं प्लास्टिकचं झाड होतं, कमरेएवढं. गणपतीच्या मखराबरोबर एकाच पेटीत असायचं. डिसेंबरात बाहेर काढायचं, अंगावर थर्मल वीजकेंद्राची राख बसलेली असायची ती सर्फच्या पाण्यात धुवायची, तारेच्या फांद्या एकेक करून उघडायच्या. मागच्या बाजूने त्याला टक्कल पडलं होतं म्हणून ते कायम कोपऱ्यात उभं करायचो. त्या वर्षी नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या, लातूरहून. त्यांनी झाड पाहिलं आणि म्हणाल्या, हे काय, बाटली धुवायचा ब्रश? नाताळच्या कार्यक्रमाला संस्थेचे लोक येणार होते, एक पुढारी येणार होते. खरं झाड पाहिजे, म्हणाल्या. स्टाफरूममध्ये सगळे खाली बघत बसले. परळीत नाताळचं खरं झाड आणायचं कुठून? आणि मी — मला गप्प का बसवत नाही कुणास ठाऊक — मी म्हणालो, "आमच्या सिरसाळ्याच्या बांधावर सुरू आहेत की. दहा-बारा फुटी. एक घेऊन येतो."

सुरूचं झाड पाहिलं असेल तुम्ही. सरळ वाढतं, पानांच्या जागी हिरव्या सुयांच्या झिपऱ्या. तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात उभं केलं, वर कापूस टाकला, की नाताळचं झाड तयार. आपल्याकडे दुसरं काही मिळत नाही, म्हणून रूथ मॅडमच्या माहेरी पूर्वीपासून सुरूचीच फांदी आणायचे. त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तेच मी स्टाफरूममध्ये माझ्या नावावर खपवलं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, बघा, याला म्हणतात माणूस. दोन आठवडे मी त्या एका वाक्यावर खूश होतो. वर्गावर्गात फळ्यावर झाड काढून दाखवलं, पोरांना सांगितलं, सरांच्या शेतातून येतंय. सगळ्या शाळेला माहीत झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळीच सिरसाळ्याला गेलो. तिथे माझा भाऊ असतो, शेती आणि वडिलांचं किराणा दुकान दोन्ही तोच बघतो. बांधावर गेलो तर ओळीने नुसते बुंधे. भाऊ मागून आला. म्हणाला, "आरं, ते तर दिवाळीच्या आदीच तोडले. मांडववाल्याला बल्ल्या पायजे हुत्या. तुला कावून पायजे झाड?" नाताळासाठी, म्हणालो. तो पोट धरून हसला. "परळीत प्लास्टिकचं मिळत न्हाई व्हय?" कशाला ते न सांगता त्याचा छोटा टेम्पो मी आदल्या दिवशीच फोनवर मागून ठेवला होता. तो रिकामाच घेऊन निघालो. वहिनीने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली ती शेजारच्या सीटवर, आणि मागे कोयता आणि दोर.

इथे थांबता आलं असतं, नाही का? सोमवारी शाळेत जाऊन सांगायचं — मॅडम, भावाने झाडं आधीच तोडली, आपण जुनंच धुऊन उभं करू. एक दिवस हसले असते सगळे. चहाबरोबर विषय संपला असता. माणूस किती लहान गोष्टीला घाबरतो, हे मला त्या टेम्पोत कळायला हवं होतं. कळलं नाही. मी फक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरू शोधत होतो.

परळी यायच्या अलीकडे एक रस्ता राखेच्या तळ्याकडे फुटतो. थर्मलची राख तिकडे नेऊन साठवतात, ट्रक दिवसभर ये-जा करतात, त्या बाजूची बाभूळसुद्धा करडी दिसते. रविवारी ट्रक कमी असतात. त्या रस्त्यावर ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे. काट्यांचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाशी पत्र्याची एक खोली. खोलीत शांतवनबाबा राहायचा. सत्तरीतला म्हातारा. खड्डे खणायचा, गवत कापायचा, दोन शेळ्या पाळायचा. संध्याकाळी कधी कधी प्यायचा, ते सगळ्यांना माहीत होतं. मी त्या रस्त्याने गेलो की आम्ही एकमेकांना हात करायचो.

कुंपणाच्या आत एक सुरू होतं. एकटंच. सरळ, दहा फुटांचं, दोन्ही बाजूंनी सारखं. चित्रात काढावं तसं. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. बाबा नव्हता. मी हाक मारली, दोनदा. हाक मारली होती, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलेलं आहे. अकरा वाजत आले होते.

पाच-सहा घाव लागले. वीतभर बुंधा ठेवून तोडलं. दोराने फांद्या आवळल्या, टेम्पोत घातलं, वर ताडपत्री टाकली. पाऊण तास लागला असं वाटत होतं, घड्याळात पाहिलं तर दहा मिनिटंही झाली नव्हती.

मला वाटलं, कुंपणाच्या कडेचं, कुणाचंच नसलेलं झाड आहे. — हे वाक्य मी इतकी वर्षं वापरतोय की तुम्हालाही तेच सांगून पुढे जाणार होतो. पण त्याच्याकडे मला परत यावं लागेल. आत्ता नाही. जरा वेळाने.

दुपारी शाळेत कुणी नव्हतं. स्टेजच्या मागे डब्यात वाळू भरून झाड उभं केलं आणि खालून वर हात फिरवत वाळक्या काड्या मोडू लागलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर बोटाला काहीतरी लागलं. तार होती. लाल वेष्टणाची, दारावरच्या घंटीला असते तसली वायर, तीन वेढे घातलेली. वेढ्यांच्या दोन्ही बाजूंनी साल फुगून आली होती. कमरेशी आणखी एक. छातीशी एक. आणि डोक्याच्या जरा वर एक, नवी, तिचा लाल रंग अजून लाल होता. चार तारा. मी चित्रकलेचा मास्तर आहे, एवढं तर मला कळतं — कुणीतरी दरवर्षी शेंड्याला काहीतरी बांधत होतं, आणि झाड दरवर्षी त्याच्या पुढे जात होतं.

मी पक्कड आणली. चारही तारा तोडल्या आणि खिशात टाकल्या.

सोमवारी सजावटीला रूथ मॅडम आल्या. दरवर्षी आम्ही दोघंच करायचो. त्यांचे मिस्टर थर्मलमध्ये इलेक्ट्रिशियन. त्यांना एकच मुलगी होती, ग्रेसी. आमच्याच नर्सरीत होती. माझ्याकडे येऊन केशरी खडू मागायची, दुसरा दिला तर परत आणून द्यायची. चार वर्षांची असताना तापात गेली. त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिला माती द्यायला सगळा स्टाफ गेला होता, मी नव्हतो. सिरसाळ्यात लग्न होतं जवळच्यांतलं. त्या लग्नाला गेलो नसतो तर पुढचं टळलं असतं का? मला नाही वाटत. पूर्वी वाटायचं.

मॅडम झाडाकडे बघून म्हणाल्या, "किती सरळ आलंय हो सर, तुमच्या बांधावरचं." मग स्टुलावर चढल्या. पर्समधून चंदेरी कागदाची चांदणी काढली, घरी कापून आणलेली. आणि एक लाल वायरीचा तुकडा. चांदणी शेंड्याला धरून वायरीचे वेढे घातले. एक, दोन, तीन. अशीच दुसरी बुधवारी ग्रेसीकडे न्यायची, म्हणाल्या. मी खाली स्टूल धरून उभा होतो. पक्कं धरलं होतं. "सांभाळून," मी म्हणालो.

तेव्हा मला कळलं. संशय नाही, कळलंच. आणि माझ्या हातात अजून दोन दिवस होते. मंगळवारी कार्यक्रम, नाताळचा आदला दिवस बुधवारी. त्या दिवशी त्या दुसरी चांदणी घेऊन राखेच्या रस्त्याने जाणार होत्या. कुणी सांगितलेलं नसताना, तिथे जाऊन त्यांना ते दिसणार होतं. हे मला माहीत होतं, फक्त मला. सोमवारी दुपारी आम्ही दोघं एकत्र चहा प्यालो. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का सर? मी म्हणालो, सर्दी झाली आहे.

मंगळवारचा कार्यक्रम छान झाला. पुढाऱ्यांनी झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला. खोटं नाही सांगत, माझी छाती जरा फुगली. लोक गेल्यावर मी झाडाचे तुकडे करून शाळेच्या शिपायाला दिले, चुलीला. सुरूचं लाकूड चांगलं जळतं. एवढी घाई कशाला सर, म्हणाला. सुट्ट्यांत वाळून कचरा होईल, म्हणालो. या कामात माझं डोकं भराभर चालत होतं.

दरवर्षी नाताळला रूथ मॅडमकडून फराळाचा डबा यायचा. करंज्या, चकल्या, गुलाबी रंगाचे शंकरपाळे. त्या वर्षी आला नाही. बायको म्हणाली, विसरल्या असतील.

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, स्टाफरूममध्ये, डबे उघडण्याआधी. रडल्या नाहीत. म्हणाल्या, ग्रेसीचं झाड कुणीतरी तोडून नेलं. बुंधा तेवढा उरलाय. त्याच्यावरही राख बसली आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नशीब सर, तुमचं झाड शेतातून येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. नाहीतर लोकांनी तुमच्यावरच बोट ठेवलं असतं." आणि हसल्या. मला बरं वाटावं म्हणून हसल्या. पाहा, मला वेगळं खोटं बोलावंही लागलं नाही. ते मी दोन आठवडे आधीच बोलून ठेवलेलं होतं. मी उठून त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

त्यांच्या चर्चमधल्या चार मोठ्या माणसांनी शांतवनबाबाला बोलावून विचारलं. त्याला सोमवारी सकाळी शेळ्या सोडताना बुंधा दिसला होता. पण घाबरला आणि बोलला नाही. दोन दिवस गप्प राहिला. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली — यानेच प्यायला लाकूड विकलं. तो परत परत एवढंच म्हणत होता की रविवारी प्रार्थनेला गेलतो, तेवढीच खोली सोडली होती, बाकी कुठं हललो न्हाई. त्याला म्हणाले, रविवारी सकाळी उजेडात कोण चोरी करायला येतं? हे मला रूथ मॅडमनीच सांगितलं. त्याला खोली सोडायला लावली. शेळ्या घेऊन तो धर्मापुरीला लेकीकडे गेला. ग्रेसीचा खड्डा त्यानेच खणला होता, आणि झाड लहान असताना उन्हाळ्यात त्याला पाणी तोच घालायचा. म्हणूनच मॅडमना जास्त लागलं. तो जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दोन दिवस गप्प राहिल्याची त्याला एवढी शिक्षा झाली. मी सात वर्षं गप्प आहे.

एक वाक्य पुरलं असतं. झाड रविवारी अकराला तोडलं गेलं, तेव्हा बाबा चर्चमध्ये शंभर माणसांबरोबर बसलेला होता. बस, एवढंच. तोडणारा मी आहे हेही सांगायची गरज नव्हती. त्या रस्त्याने जाताना मला टेम्पो दिसला होता, एवढं जरी म्हणालो असतो तरी म्हातारा सुटला असता. ते अर्धं खोटंसुद्धा मला जमलं नाही. का नाही जमलं? कारण मग कुणीतरी विचारलं असतं, सर, तुम्ही अकराला तिथं काय करत होता.

पुढच्या वर्षी डिसेंबरात झाडाचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, आपण खरं झाड कधीच आणायचं नाही. प्लास्टिकचं आणू, एकदाच, चांगलं. झाड तोडणं मला पटत नाही. शेंड्याकडून खाली येणाऱ्या त्या हिरव्या झिपऱ्या मला पुन्हा बघायच्या नव्हत्या, एवढंच होतं ते. पण सगळ्यांनी मान डोलावली. प्रिन्सिपल मॅडमनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं. कुणीतरी बातमी दिली, पेपरात फोटो आला. तालुक्याच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ मिळाला. तेव्हापासून पोरं मला झाडवाले सर म्हणतात. दर डिसेंबरात मी वर्गात प्लास्टिकच्या बाजूने भाषण करतो, आणि ते चांगलं होतं. खऱ्या झाडाचीही बाजू मांडतो, दोन मुद्दे देतो, मग खोडून काढतो. पेटीतलं ते सात फुटी झाड मी स्वतः धुतो. ते कुणाच्या जागेवरून आलेलं नाही, एवढं त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं.

आणखी एक आहे. त्याच सालच्या पावसाळ्यात रूथ मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या बांधावरचं एखादं रोप द्या ना. तिथं परत लावीन म्हणते." बांधावर बुंधे होते. मी अंबाजोगाई रस्त्याच्या एका नर्सरीतून रोप विकत घेतलं. घरी आणून त्याची काळी पिशवी ब्लेडने कापली, मुळाची माती पोत्याच्या तुकड्यात बांधली, सुतळी गुंडाळली, पोत्याला बाहेरून थोडा चिखल लावला. शेतातून उपटून आणल्यासारखं दिसायला हवं होतं ना. चिखल लावताना मी मन लावून काम करत होतो, शिट्टीसुद्धा वाजवत असेन. मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतलं. आता ते माझ्याहून उंच आहे. दर नाताळला त्या शेंड्याला चांदणी बांधतात, आणि मला म्हणतात, तुमच्या बांधावरची जात चांगली आहे सर.

आता ते मघाचं वाक्य. कुणाचंच नसलेलं झाड.

झाडाभोवती विटा होत्या. राखेच्या विटा, इकडे घरंही त्याच्याच असतात. करड्या विटा आणि त्यांच्यावर करडी धूळ, म्हणून दिसल्या नाहीत — असं सांगता येईल. दिसल्या होत्या. लांबट चौकोन होता आणि झाड बरोबर त्याच्यात होतं. आम्ही लिंगायत, आमची माणसं जाळत नाही. आम्हीही पुरतो, समाधीभोवती विटा लावतो, कुणी बेल लावतं, कुणी चाफा. माझ्या आईच्या समाधीवर बेल आहे. एकदा कुणाच्या तरी शेळीने त्याचा शेंडा खाल्ला तेव्हा मी त्या माणसाशी रस्त्यात भांडलो होतो, कॉलर धरली होती. दफनभूमीत, विटांच्या चौकोनात उभं असलेलं झाड आपोआप उगवत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? कोयता नीट मारता यावा म्हणून मी एक वीट पायाने बाजूला सारली होती. जुनं असेल, कुणी येत नसेल, असं मनात आलं होतं. म्हणजे विचार केला होता. आणि तो चौकोन लहान होता. मोठ्या माणसाचा नव्हता. तेही मला दिसलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन धर्मापुरीला गेलो होतो, जुन्या देवळाची स्केचं काढायला. पोरं पायऱ्यांवर बसून काढत होती. एक म्हातारा काठी टेकत आला आणि माझ्या शेजारी बसला. बराच वाळला होता, मी ओळखलं नाही.

"सर, वळखलं न्हाई व्हय? शांतवन."

मी विचारलं, बरं आहे का. तो म्हणाला, हाय, लेकीकडं हाय. पोरांची चित्रं बघून म्हणाला, लई झ्याक काढतात. मग देवळाकडे बघत म्हणाला, "सर, ते झाड म्या न्हाई तोडलं. तुमी शिकलेली मानसं, तुमी तरी इस्वास ठेवा."

"ठेवतो, बाबा," मी म्हणालो.

"रविवारी म्या परार्थनेला गेलतो, तवाच कुनी तरी आलं आसंल. मॅडमला तेवढं सांगा. तुमचं आयकतील त्या."

"सांगतो," मी म्हणालो.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते. माझे नाही आले. मी त्याच्या हातांकडे बघत होतो आणि मनात येत होतं की हे हात पेन्सिलने काढायला चांगले आहेत. मग पोरांना डबे खायला बसवलं. आमच्यातली एक पोळी त्यानेही खाल्ली.

मी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. माती द्यायला परळीलाच आणलं, त्याची तशी इच्छा होती म्हणे. या वेळी मी गेलो. थोडीच माणसं होती. त्याची लेक होती, रूथ मॅडम होत्या, त्यांचे मिस्टर होते. त्याचा खड्डा दुसऱ्याच कुणीतरी खणला होता. प्रार्थना झाली, आम्ही सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. परत निघताना मॅडम सुरूच्या झाडापाशी थांबल्या, म्हणून मीही थांबलो. त्यांनी खालची एक वाळकी काडी मोडली. म्हणाल्या, "शेवटपर्यंत कबूल नाही केलं बघा सर त्यांनी. एकदा जरी केलं असतं ना, मी माफ केलं असतं."

मी मान हलवली. काय हलवली — होकाराची हलवली.

त्या चार तारा माझ्या टेबलाच्या खणात आहेत, ब्रशांच्या डब्यात. मे महिन्यात टेबल रिकामं करावं लागेल. ग्रुपवर मी काल लिहून टाकलं, ‘प्लास्टिकचंच ठेवू.’ लगेच सगळ्यांचे अंगठे आले. रूथ मॅडमचे जोडलेले हात आले.

ते एक वाक्य मी इथे लिहून ठेवतो. नाताळच्या आधीचा रविवार होता. सकाळचे अकरा वाजत आले होते. शांतवनबाबा चर्चमध्ये होता. ग्रेसीचं झाड मी तोडलं.